आठ वर्गखोल्या आणि वास्तुविशारदांची सेवा : एक अभिप्राय

जळगाव जिल्ह्यातील आमच्या माध्यमिक शाळेची पत्र्याची जुनी इमारत पाडून तेथे आठ वर्गखोल्या बांधण्याचे काम आम्ही ज्या वास्तुविशारद संस्थेकडे सोपवले, तिच्या सेवेविषयी शाळा समितीचा सदस्य या नात्याने हे लिहीत आहे. नव्या इमारतीत आता दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे काढून झाले आहेत.

आराखड्याला हात घालण्याआधी त्यांच्याकडचे दोघे जण तीन दिवस जुन्या वर्गात मागच्या बाकावर बसून होते. फळ्याशेजारच्या खिळ्याला त्यांनी कार्बन डायऑक्साइड मोजणारे लहानसे यंत्र अडकवले. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे 420 असते, आणि वर्गात ते 1000च्या वर गेले की हवा पुरेशी खेळत नाही असे समजतात. रस्त्याच्या आवाजामुळे खिडक्या लावून घेतलेल्या आमच्या नववीच्या वर्गात दुसरा तास संपण्यापूर्वीच हा आकडा ओलांडला गेला. मुले पेंगतात म्हणून इतकी वर्षे आम्ही त्यांनाच बोलत आलो होतो, ही गोष्ट त्या दिवशी मनाला फार लागली.

नव्या इमारतीची लांबी त्यांनी पूर्व-पश्चिम ठेवली आणि समोरासमोरच्या खिडक्या उत्तर-दक्षिण भिंतींत घेतल्या. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर असल्याने दक्षिणेचे ऊन साध्या छज्ज्याने अडते. पश्चिमेचे तिरपे ऊन तसे अडत नाही, म्हणून त्या बाजूला वर्ग न ठेवता जिना आणि सामानाची खोली आहे. भिंती रॅट ट्रॅप पद्धतीच्या आहेत. विटा कडेवर उभ्या रचल्यामुळे भिंतीच्या पोटात पोकळी राहते, ती उष्णता फारशी आत येऊ देत नाही आणि विटाही सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली ही रीत आमच्या गवंड्यांना ठाऊक नव्हती, तेव्हा संस्थेने त्यांच्याकडून आधी कुंपणाची भिंत बांधून घेतली आणि हात बसल्यावरच वर्गांचे काम सुरू केले. या आग्रहाचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. गच्चीवर ऊन परतवणारे पांढरे चायना मोझॅक, म्हणजे चिनी मातीच्या फरशीचे बसवलेले तुकडे, आहे. दर्शनी भागाला काच लावण्याची काहींची मागणी त्यांनी शांतपणे, कारणे सांगून नाकारली, हे उत्तमच झाले.

तक्रार आहे ती जिन्याविषयी. पश्चिमेला विटांची जाळी ठेवल्याने वारा छान येतो, पण पावसाळी वाराही त्याच बाजूचा असल्यामुळे सरी थेट पायऱ्यांवर येत. पहिल्याच जुलैत आठवीतली एक मुलगी घसरली आणि तिचे मनगट दुखावले. संस्थेला कळवल्यावर पाहणीसाठी माणूस यायला सहा आठवडे लागले. जाळीबाहेर पत्र्याच्या तिरप्या पट्ट्या बसवल्यावर पाणी थांबले, पण तो खर्च शाळेला सोसावा लागला. शिवाय पोकळ भिंतीत कोठे खिळा ठोकावा आणि कोठे ठोकू नये, वायरिंग कोठून गेले आहे, याचा नकाशा आम्हाला मागून घ्यावा लागला. इमारत ताब्यात देतानाच तो शिपायाच्या हाती असायला हवा होता.

एप्रिलमध्ये मात्र सकाळच्या शाळेचा शेवटचा तासही आता खिडक्या उघड्या ठेवून नीट होतो. प्रयोगशाळेचे काम आम्ही याच संस्थेला देत आहोत. पहिल्या पावसाळ्यानंतरची पाहणी आणि दुरुस्ती त्यांच्या खर्चाने होईल, असे कलम या वेळी करारात घातले आहे.