चपाती, भाकरी की भात: रोजचे धान्य बदलण्यापूर्वी

चपाती सोडून भाकरीकडे वळावे का, हा प्रश्न 2023 च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षापासून पुष्कळ घरांत निघतो; त्याचे उत्तर मात्र आज ताटात काय आहे यावर ठरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम पांढऱ्या, पॉलिश केलेल्या तांदळात 1 मिलिग्रॅमपेक्षाही कमी लोह असते, तर कणकेत आणि ज्वारीत ते सुमारे 4 मिलिग्रॅम असते. त्यामुळे दोन्ही वेळा भात खाणाऱ्या घराला ज्वारीचा लाभ स्पष्ट आहे, पण कोंड्यासह कणकेची चपाती खाणाऱ्याला लोह आणि तंतू यांबाबत ज्वारीने फारसे काही जास्त मिळत नाही. ज्यांना ग्लुटेन (गव्हातील एक प्रथिन) वर्ज्य आहे त्यांची गोष्ट अर्थातच निराळी.

बाजरीचा दावा अधिक भक्कम आहे. तिच्यात लोह 6 मिलिग्रॅमच्या वर असते, आणि ‘धनशक्ती’ हे वाण तर लोह वाढवण्यासाठीच निवडलेले आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, हे पाहता हा फरक किरकोळ नाही. तरीही धान्यातील फायटेट हा नैसर्गिक घटक लोहाचे शोषण रोखतो. म्हणून भाकरीसोबत लिंबू किंवा आवळा असावा आणि चहा जेवणाला लागून घेऊ नये. शिवाय बाजरीत स्निग्धांश जास्त असल्याने तिचे पीठ लवकर कडू होते, ते थोडे थोडेच दळून आणावे लागते.

नाचणी कॅल्शियमसाठीच घ्यावी: 100 ग्रॅममध्ये 350 मिलिग्रॅमहून अधिक, म्हणजे कणकेच्या दहापटीपेक्षा जास्त. प्रथिने मात्र जेमतेम 7 ग्रॅम, त्यामुळे नुसत्या नाचणीच्या लापशीवर मूल वाढवणे योग्य नाही; तिला दुधाची किंवा डाळीची जोड हवीच.

राहिला खर्च. पात्र शिधापत्रिकाधारकांना गहू-तांदूळ मोफत मिळत असताना बाजारातून बाजरी घेणे म्हणजे रोख पैसे मोजणे. पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचना तृणधान्यांतून येणारी ऊर्जा 45 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात, म्हणजे आपल्याकडे उणीव बहुधा धान्याची नसून डाळ, भाजी, अंडी, दूध यांची असते. पैसे मोजकेच असतील, तर माझ्या मते रेशनचा गहू चालू ठेवावा आणि ती रक्कम तूरडाळ, शेंगदाणे, पालेभाजी यांवर खर्च करावी.