यूएसबी वाय-फाय अडॅप्टर: उपकरण उत्तम, लिनक्सचा ड्रायव्हर मात्र वाऱ्यावर

खोक्यावर ‘लिनक्स’ असे ठळक छापलेले पाहून मी हा दोन्ही बँडवर चालणारा यूएसबी वाय-फाय अडॅप्टर घेतला. विंडोजवर त्याच्याबद्दल काहीच तक्रार नाही. रेंज चांगली आहे आणि वेगही टिकून राहतो. लिनक्सवर मात्र तो जोडल्याबरोबर विंडोजचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) असलेली सीडी म्हणून दिसतो आणि यूएसबी-मोडस्विच हा छोटा प्रोग्राम चालवून त्याला वाय-फायच्या रूपात आणावे लागते. त्यानंतरची अडचण अधिक गंभीर आहे. कंपनीने दिलेला ड्रायव्हर सध्याच्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, कंपाइलच होत नाही (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयारच होत नाही), कारण त्यात वापरलेले टायमरचे जुने फंक्शन कर्नल ४.१५ मध्ये, म्हणजे २०१८ सालीच, काढून टाकले गेले आहे.

यामागचा व्यवहार कळण्यासारखा आहे. खोक्यावर जिचे नाव असते ती कंपनी बहुधा चिप बनवत नाही. चिप आणि तिचा ड्रायव्हर ती दुसऱ्याकडून घेते. विक्रीचे पैसे एकदाच मिळतात, ड्रायव्हरची देखभाल मात्र वर्षानुवर्षे करावी लागते, आणि मोजक्या ग्राहकांसाठी तो खर्च करायला कोणी तयार नसते. त्यात लिनक्स कर्नलचे अंतर्गत इंटरफेस (ड्रायव्हर ज्यांच्या आधारे कर्नलशी जोडला जातो ती फंक्शन्स) जाणीवपूर्वक बदलते ठेवलेले असल्याने कर्नलबाहेरचा ड्रायव्हर मागे पडतोच.

तरीही ही सबब मला पटत नाही. ड्रायव्हरचा कोड कर्नलमध्ये समाविष्ट झाला, की अंतर्गत बदल करणारे विकासकच तोही दुरुस्त करतात. लिनक्स कर्नलचे एक प्रमुख विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तर २००७ मध्ये कंपन्यांना ड्रायव्हर विनामूल्य लिहून देण्याची तयारी जाहीर केली होती. कंपन्यांनी द्यायची होती ती फक्त उपकरणाची तांत्रिक माहिती. मीडियाटेकच्या अनेक चिप आज कर्नलमधल्याच ‘एमटी७६’ ड्रायव्हरवर जोडताक्षणी चालतात, आणि रिअलटेकच्या काही यूएसबी चिपना कर्नल ६.२ पासून असाच आधार मिळाला आहे. म्हणजे हे अशक्य मुळीच नाही, इच्छा हवी. फ्रीबीएसडी किंवा हायकू अशा कमी प्रचलित ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांची परवड तर याहून मोठी आहे.

विंडोजसाठी हा अडॅप्टर खुशाल घ्यावा. लिनक्ससाठी घेऊ नये, आणि दुसरा घेतानाही मॉडेल क्रमांकावर विसंबू नये. एकाच क्रमांकाच्या पुढच्या आवृत्तीत चिप बदललेली असू शकते, म्हणून आवृत्ती आणि चिपचे नाव आधी विचारून घ्यावे.