मातीचा गल्ला, 80 रुपये : पाच महिने वापरल्यानंतर

साताऱ्यात मोती चौकाजवळ पथारीवर बसणाऱ्या मावशींकडून हा गल्ला घेतला. गेरूनं रंगवलेला, नारळाएवढा, वर बोंडी आणि बाजूला एक फट. खाली झाकण नाही. आत भरलेले पैसे दिसणार नाहीत आणि मधेच काढताही येणार नाहीत, म्हणूनच मी तो निवडला. प्लास्टिकच्या गल्ल्याचं बूच लेकानं दोनदा उघडलं होतं.

लेक अकरा वर्षांचा. घरातल्या कामाचे त्याला पैसे द्यावेत असं माझ्या मनात होतं, पण आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते पटेना. ते रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात राहून शिकले. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे संस्थेच्या भाऊराव पाटलांनी, 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हापासूनची तिथली रीत अशी, की पोरांनीच राबायचं आणि त्यावर त्यांचं शिक्षण चालायचं. "आम्ही पहाटे उठून बागेला पाणी पाजायचो. हातात कुणी आणा ठेवला नाही. जेवलेलं ताट उचलायचे पैसे देणार का तू?" आबांचं बरोबर होतं. मग आम्ही ठरवलं, की ताट, अंथरूण, दप्तर, आजीला पाणी, याला काही नाही. ज्या कामाला आपण बाहेर पैसे मोजतो, तेवढ्याच कामाला मोल. गाडी धुतली तर 20. पावशेर लसूण सोलला तर 10, कारण एरवी मी मंडईतून सोललेलाच आणायची.

आता गल्ल्याबद्दल. भाजणी चांगली आहे, बोटानं वाजवलं तर टणकन आवाज येतो. एकदा कट्ट्यावरून पडला, तरी चीर गेली नाही. खोट फटीत आहे. माती ओली असताना सुरीनं पाडलेली ती फट एका टोकाला निमुळती झाली होती. दहाचं नाणं 27 मिलिमीटरचं, ते अडकून बसायचं. शेवटी कानशीनं घासून घ्यावी लागली, आणि दोन दिवस लाल भुकटी सगळ्या फडताळात.

दुसरी अडचण सुट्ट्यांची. भाजीवाल्यापासून रिक्षापर्यंत सगळीकडे मोबाईलवरून पैसे देते, त्यामुळं घरात नाणं म्हणून राहत नाही. मग "उद्या देते" असं म्हणून मी वहीत बरोबरची खूण करायची.

गुढीपाडव्याला अंगणात पोतं अंथरून गल्ला फोडला. लेकानं दहाची आणि वीसची नाणी वेगळी लावली, दोनदा मोजली. 600 भरले. वहीत 640 होते. तो रडला नाही, भांडला नाही. वहीतल्या दोन तारखांवर बोट ठेवून म्हणाला, "आई, या दोन्ही दिवशी मी गाडी धुतली होती." धुतलीच होती. चाकांच्या तारांतली माती जुन्या दातांच्या ब्रशनं काढत बसला होता, मला आठवत होतं. पैसे मीच दिले नव्हते.

मला फार लागलं ते. माझी आई भांगलणीला जायची. बाजाराच्या आदल्या दिवशी मालक "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणाला, की ती घरी येऊन न बोलता चूल पेटवायची. कष्टाची सवय लावायला निघालेली मी पोराशी तेच करत होते. त्याच क्षणी शेजारून सुट्टे आणून 40 रुपये त्याच्या हातावर ठेवले. आता दर रविवारी दिवेलागणीला पगार, आणि त्यासाठी सुट्टे शनिवारीच आणून ठेवते.

त्यातले 500 पोस्टात गेले. दहा वर्षांवरच्या मुलाला तिथं बचत खातं स्वतःच चालवता येतं. सुरुवातीला 500 लागतात आणि व्याज वर्षाला 4 टक्के. फॉर्मवर सही करताना त्यानं आडनाव दोनदा गिरवलं. उरलेल्या 140 मधून शटलकॉकचा डबा घेतला.

गल्ल्याला माझ्याकडून पाचपैकी चार. मागच्या आठवड्यात दुसरा आणला. या वेळी लेकच दहाचं नाणं खिशात घालून आला होता. मावशींच्या पथारीवरच्या चार गल्ल्यांत ते अडकलं, पाचव्यात खाली पडलं. आवाज ऐकून मावशी म्हणाल्या, "ते नाणं गेलं आता तुझं." "असू दे, रविवारचा पगार त्यातच जायचाय," म्हणत त्यानं गल्ला काखेत मारला.