वॉश बेसिनखालची वाकडी नळी: अडीचशे वर्षे टिकून राहिलेल्या उत्पादनाचे परीक्षण

स्वच्छतागृहातील वस्तूंचे परीक्षण बहुधा कमोडचा आकार, फ्लशचा जोर आणि तोट्यांची चकाकी यांपुढे जात नाही. येथे परीक्षणासाठी घेतलेली वस्तू त्या सर्वांच्या खाली किंवा मागे दडलेली असते. प्लंबर तिला नुसते ‘ट्रॅप’ म्हणतात. बेसिन, मोरी किंवा कमोड यांच्याखाली एकदा खाली आणि पुन्हा वर वळणारी, वळणात थोडे पाणी धरून ठेवणारी ही नळी सांडपाण्याला वाट देते आणि गटारातील हवेला घरात शिरू देत नाही. तिच्यात स्प्रिंग नाही, झडप नाही, झिजणारा एकही सुटा भाग नाही, आणि अडवण्याचे काम करणारे पाणी प्रत्येक वापरासरशी आपोआप बदलले जाते. घरातल्या साऱ्या प्लंबिंगमध्ये इतके कमी सामान वापरून इतके मोठे काम करणारे दुसरे काही माझ्या पाहण्यात नाही.

या वस्तूची किंमत कळण्यासाठी तिच्याशिवाय काय चालले होते ते पाहावे लागते. सांडपाणी वाहून नेण्याची विद्या फार जुनी आहे. मोहेंजोदडो येथे इ.स.पू. 2500 च्या सुमारास घरोघरी विटांच्या फरसबंदीच्या न्हाण्या होत्या, त्यांचे पाणी रस्त्याकडेच्या झाकलेल्या गटारांत जात होते, आणि गाळ खाली बसावा म्हणून मध्ये खड्डेही ठेवलेले होते. क्रीट बेटावरील क्नोसॉसच्या राजवाड्यात भाजलेल्या मातीचे, एका टोकाला निमुळते केलेले नळ एकमेकांत बसवलेले सापडले. रोमने तर इ.स.पू. 312 मध्ये पहिला मोठा जलमार्ग बांधला आणि क्लोआका मॅक्सिमा हे प्रचंड गटार शतकानुशतके चालते ठेवले. या सर्वांनी पाणी आणणे आणि नेणे साधले; पण ज्या वाटेने पाणी जाते त्याच वाटेने हवा परत येते, या अडचणीवर त्यांच्याकडे खात्रीचा उपाय नव्हता. रोमन शहरांत पुष्कळ घरमालकांनी आपली शौचकूपे सार्वजनिक गटाराला न जोडता खालच्या खड्ड्यावरच ठेवली होती, हे पाँपेईच्या उत्खननात स्पष्ट दिसते. दुर्गंधी, उंदीर आणि पुराच्या वेळी उलट येणारे पाणी यांचा विचार केला तर त्यांचा निर्णय शहाणपणाचाच म्हणावा लागेल. गटारातून वर चढून एका व्यापाऱ्याच्या घरातील खारवलेले मासे फस्त करणाऱ्या ऑक्टोपसची कथा त्या काळच्या लिखाणात आढळते. ती खरी असो वा नसो, उघड्या नळीविषयीची धास्ती तिच्यातून पुरेपूर कळते.

इंग्लंडमध्ये सर जॉन हॅरिंग्टन यांनी 1596 मध्ये टाकी आणि झडप असलेल्या शौचकूपाचे वर्णन प्रसिद्ध केले व तसे एक राणी एलिझाबेथ पहिली हिच्यासाठीही बसवले. ते रुजले नाही. खरा बदल 1775 मध्ये झाला. अलेक्झांडर कमिंग या घड्याळे बनवणाऱ्या स्कॉटिश कारागिराने घेतलेल्या पेटंटात भांड्याखालची नळी एस आकारात वळवलेली होती. गंमत अशी की त्याच रचनेत वर एक सरकती झडपही होती, आणि ती नीट चालत नसे. तीनच वर्षांनी, 1778 मध्ये, जोसेफ ब्रामा यांनी तिच्या जागी बिजागरीची झडप आणली. पुढे तीही मागे पडली. हलणारे सर्व भाग बदलत गेले आणि वळण तेवढे राहिले. फ्लशच्या शोधाचे श्रेय लोक अजूनही थॉमस क्रॅपर यांना देतात. त्यांचा जन्म 1836 चा आहे, एवढी नोंद त्यावर पुरेशी आहे.

मात्र या उत्पादनाचे कौतुक करताना त्याच्या नावावर जमा नसलेले यश त्याला देऊ नये. एकोणिसाव्या शतकात दुर्गंधीयुक्त हवेतूनच रोग होतात असा समज प्रबळ होता, त्यामुळे गटाराची हवा अडवणारा ट्रॅप म्हणजे रोगापासून संरक्षण असे मानले गेले. पण कॉलरा पाण्यातून पसरतो हे डॉक्टर जॉन स्नो यांनी 1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या आधारे दाखवले. घरात दुर्गंधी येत नाही म्हणून लोकांनी शौचालय निर्धास्तपणे आत घेतले, फ्लशमुळे मैलापाण्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले, आणि ते सारे थेम्स नदीत, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या एका उगमातच, जाऊ लागले. घराचा प्रश्न सुटला आणि तो नदीच्या गळ्यात पडला. 1858 च्या उन्हाळ्यात नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज अवघड झाले, तेव्हा कुठे अभियंते जोसेफ बॅझलजेट यांच्या भुयारी गटार योजनेला मंजुरी मिळाली. त्या गटारांशिवाय ट्रॅप हे अर्धेच उत्पादन आहे.

रोगाबाबतचा जुना समज चुकीचा ठरला तरी ट्रॅपचे आरोग्याशी असलेले नाते संपले नाही. 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमोय गार्डन्स या निवासी संकुलात सार्स या श्वसनरोगाची 300 हून अधिक जणांना लागण झाली आणि 42 जण दगावले. तपासात पुढे आलेल्या कारणांपैकी एक असे होते की न्हाणीघरांच्या जमिनीतील ट्रॅप वापराअभावी कोरडे पडले होते आणि पंखे लावताच मैलापाण्याच्या नळातील दूषित तुषार आत ओढले जात होते. तेथे नळी होती, वळण होते, पण वळणात पाणी नव्हते.

या वस्तूचा मोठा दोष हाच. कमोडमधील पाण्याचा अडसर, म्हणजे वॉटर सील, साधारण 50 मिलिमीटर खोल असतो. बंद घरात तो हळूहळू बाष्पीभवनाने उतरतो, आणि तो संपल्याचे दाखवणारी कोणतीही खूण बाहेरून दिसत नाही. वास येतो तेव्हाच कळते. वळणावर केस किंवा दोरा लोंबत राहिला तर त्याच्या धाग्याधाग्यातून पाणी पलीकडे झिरपते, हे आणखी एक छुपे कारण. तिसरे कारण रचनेतच आहे. वेगाने जाणारे पाणी आपल्यामागे वळणातले पाणीही खेचून नेते, आणि एस ट्रॅपमध्ये नळी वळणानंतर सरळ खाली जात असल्यामुळे हे अधिक घडते. म्हणून अनेक ठिकाणच्या नियमांत नव्या बांधकामासाठी एस ट्रॅप नाकारला जातो आणि आडवी बाहेर जाणारी, पाणी खेचले जाऊ नये म्हणून हवा आत सोडणारा नळ जोडलेली पी ट्रॅपची रचना मागितली जाते. खर्च वाचवण्यासाठी हा हवेचा नळ वगळणारा कंत्राटदार ट्रॅपचे निम्मे काम काढून घेतो. बेसिन रिकामे होताना शेवटी जोरात गुडगुड आवाज येत असेल, तर तेथे हवेची वाट अपुरी आहे असे समजावे.

आवृत्त्यांविषयी थोडेसे. कमोडचा ट्रॅप चिनी मातीच्या भांड्यातच घडवलेला असल्यामुळे तो नंतर बदलता येत नाही. खरेदीच्या वेळीच आतील वाट पुरेशी रुंद आणि शेवटपर्यंत गुळगुळीत ग्लेझ केलेली आहे का, हे विचारावे. कमी पाण्याच्या फ्लशमुळे हे महत्त्वाचे झाले आहे. पूर्वी 13 लिटर आणि त्याहून अधिक पाणी ओतून जे ढकलले जाई, ते अमेरिकेच्या 1992 च्या कायद्यानंतर सुमारे 6 लिटरांत न्यावे लागते, आणि खडबडीत वळण तेथे लगेच उघडे पडते. हाताने पाणी ओतण्याच्या शौचालयांसाठी ‘सुलभ’ने स्वीकारलेली रचना याहून चतुर वाटते: भांड्याचा उतार तीव्र आणि सील केवळ 20 मिलिमीटरचे ठेवल्यामुळे दोनेक लिटरांत काम भागते.

बेसिनखालचा बॉटल ट्रॅप दिसायला सुबक आहे व खालचे झाकण फिरवून साफ करता येतो, पण त्याच्या तळाशी गाळ लवकर साचतो. तो हात धुण्याच्या बेसिनला ठीक. तेलकट भांडी घासायच्या सिंकखाली पी ट्रॅपच घ्यावा. क्वचित वापरल्या जाणाऱ्या मोरीसाठी पाण्याऐवजी लवचीक पडद्याने हवा अडवणारे ट्रॅप मिळतात. ते वाळत नाहीत, परंतु पडद्यात कचरा अडकला की उघडेच राहतात. साधा ट्रॅप आणि आठवड्यातून तांब्याभर पाणी ही जोडी मला त्यापेक्षा भरवशाची वाटते. घर महिनोन्महिने बंद राहणार असेल तर पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडावे, म्हणजे बाष्पीभवन मंदावते.