संदकफू-फालुट ट्रेक: लॉज ते लॉज चालत, राहणं-खाणं कसं होतं त्याचा रिव्ह्यू

संदकफूबद्दल विचारणारे बहुतेक जण व्ह्यूबद्दलच विचारतात, कांचनजंगा दिसतं का, एव्हरेस्ट दिसतो का. ढग नसतील तर दिसतं आणि असं दिसतं की बोलती बंद होते, ते पुढे सांगतेच. पण मी लिहायला बसलेय ती तिथल्या लॉजबद्दल आणि तिथल्या स्वयंपाकघरांबद्दल, कारण हा ट्रेक लक्षात राहिलाय तो त्यांच्यामुळे. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही, पाठीवर कपडे, पाणी आणि थोडा सुकामेवा, दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी कुणाच्या तरी चुलीपाशी जाऊन बसायचं. राजगडावर पद्मावतीच्या देवळात नाहीतर हरिश्चंद्रगडाच्या गुहेत मॅट टाकून झोपणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ही चैनच वाटते.

ट्रेक सुरू होतो मानेभंज्यांगला, दार्जिलिंगपासून साधारण पंचवीसेक किलोमीटर. तिथून सिंगालिला नावाची डोंगररांग लागते आणि ही रांगच भारत-नेपाळची सीमा आहे, त्यामुळे रस्ता कधी इकडे कधी तिकडे, दुपारचा चहा भारतात आणि रात्रीचं जेवण नेपाळमध्ये असं सहज होतं. व्हिसाबिसाची भानगड नाही, पण एसएसबीच्या (सशस्त्र सीमा बल, सीमेवर पहारा देणारं दल) चौक्यांवर ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते, सो ओरिजिनल आयडी हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. वाट सिंगालिला नॅशनल पार्कमधून जाते, तिथे गाइड घ्यावाच लागतो आणि मानेभंज्यांगलाच गाइड-पोर्टर लोकांची संघटना आहे, तिथून घेतला. आम्हाला मिळालेला दाजू (नेपाळीत मोठ्या भावाला दाजू म्हणतात, सगळे तिथे एकमेकांना दाजू-दिदी-बैनीच म्हणतात) इतका शांत माणूस होता की चढावर कुणी मागे राहिलं तर हा अजून मागे जाऊन त्याच्या वेगाने चालायचा, घाई म्हणून कधी केली नाही.

पहिला मुक्काम तुमलिंग, साधारण २९७० मीटर, नेपाळच्या बाजूला. मला विचाराल तर राहण्यासाठी पूर्ण वाटेवरचं सगळ्यात आरामशीर गाव हे. लाकडी खोल्या, बाहेर फुलझाडांच्या कुंड्या, आणि रजई इतकी जड की अंगावर घेतली की कूस बदलायला जोर लावावा लागतो, पण थंडी आत येत नाही बाबा. पोचल्या पोचल्या लॉजवाल्या दिदीने आधी बूट काढायला लावले, मग गरम पाणी प्यायला दिलं आणि मग विचारलं काय खाणार. रात्री भात, डाळ, बटाट्याची भाजी, राईचं साग, पापड आणि अंडं, आणि सोबत छोट्या वाटीत डल्ले खुर्सानीचं लोणचं. ही डल्ले म्हणजे बोराएवढी गोल लाल मिरची, वास फार सुंदर आणि तिखट म्हणजे आपल्या लवंगीलाही ऐकणार नाही अशी, एकच मिरची पूर्ण जेवणाला पुरते. भात-डाळ हवी तितकी वाढतात, नको म्हंटलं तरी अजून एक पळी येतेच.

दुसऱ्या दिवशी गैरीबासला उतार आणि मग कालीपोखरीपर्यंत चढ. एवढं उतरून परत चढायचं म्हणजे जीवावर येतं पण वाटेत मार्चअखेर ते मेपर्यंत गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉनची झाडं) फुललेले असतात, लाल, गुलाबी, पांढरे, त्यात वेळ जातो. कालीपोखरी म्हणजे काळ्या पाण्याचं छोटं तळं, तिथले लोक पवित्र मानतात, भोवती प्रार्थनेच्या पताका. इथे जेमतेम काही घरं आणि त्यातच लॉज. इथलं स्वयंपाकघर मी विसरूच शकत नाही. मातीची चूल, तिच्यावर टांगलेली बांबूची जाळी, त्या जाळीवर काय काय सुकत होतं तर लाकडं, मक्याची कणसं आणि एका कोपऱ्यात आमचे ओले मोजे, तेसुद्धा दिदीने आपणहून मागून घेतलेले. तिने गुंद्रुकचं सूप केलं, गुंद्रुक म्हणजे आंबवून वाळवलेला पाला, आंबटसर चव, सर्दी झालेल्या माणसाने तर प्यावंच. याकच्या दुधाचं छुर्पी म्हणजे सुकवलेलं चीज पण मिळतं, ते दगडासारखं असतं, तोंडात ठेवायचं आणि चढाच्या वाटेवर तासभर चघळत राहायचं, गोळ्या-चॉकलेटपेक्षा शंभर पटीने छान. मोठ्या माणसांना तोंग्बा, म्हणजे तिथली दारू, मिळतो, आंबवलेली नाचणी लाकडी नाहीतर बांबूच्या भांड्यात भरून वर गरम पाणी ओतत राहतात आणि बांबूच्याच नळीने ओढायचं. चवीला छान पण उंचीवर जपून, माझा सल्ला की तो परतीच्या गावांसाठी ठेवा.

आता संदकफू. ३६३६ मीटर, पश्चिम बंगालमधलं सर्वात उंच ठिकाण. कालीपोखरीहून सहाच किलोमीटर पण शेवटचा चढ बिखेभंज्यांगनंतर चांगलाच खडा आहे. सकाळी उजाडताना बाहेर आलो तर डावीकडे मकालू, ल्होत्से, एव्हरेस्ट, आणि मकालू जवळ असल्याने एव्हरेस्टपेक्षा मोठा वाटतो हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि समोर आख्खा झोपलेला बुद्ध, म्हणजे आडव्या माणसासारखी दिसणारी शिखरांची रांग, कुंभकर्ण शिखर म्हणजे तोंड, कांचनजंगा म्हणजे पोट. ८५८६ मीटरच्या कांचनजंगाच्या अगदी शेंड्यावर पाय ठेवायचा नाही असं १९५५ साली पहिल्यांदा चढणाऱ्यांनी सिक्कीमच्या राजाला वचन दिलं होतं आणि ते माथ्याच्या खाली थोडे थांबले, हे दाजूने तिथे उभं राहून सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. जगातल्या पाच सर्वात उंच शिखरांपैकी चार एका जागी उभं राहून दिसतात, अजून काय पाहिजे.

पण राहण्याच्या बाबतीत संदकफू सगळ्यात कमकुवत निघालं आणि हे स्पष्ट लिहिणं गरजेचं आहे. गाड्या वरपर्यंत येतात, त्यामुळे एक रात्र राहून सूर्योदय बघून खाली पळणारी गर्दी असते, आणि रांगेच्या माथ्यावर पाण्याची कायमच टंचाई. आम्ही जिथे उतरलो (नाव लिहित नाही) तिथे उशांचे अभ्रे आधीच्या लोकांचेच होते, गरम पाण्याच्या बादलीचे आधी सांगितले त्यापेक्षा जास्त पैसे लावले, आणि जेवण साडेसातला गार होऊन आलं. तक्रार केल्यावर जेवण गरम करून दिलं ते खरं. बादलीला पैसे लागण्याबद्दल माझी काहीही हरकत नाही, इतक्या उंचीवर पाणी आणि लाकूड वर आणायला कष्ट आहेत, फक्त रेट आधी सांगितलेला असेल तोच ठेवावा. त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा खोली बघून, अभ्रे बघून, बादलीचा आणि चार्जिंगचा रेट विचारून मगच सामान टाका. चार्जिंगलापण बऱ्याच ठिकाणी पैसे लागतात, लाईट सोलरवर चालते.

आणि बहुतेक लोक इथूनच परत फिरतात, हे मला खरंच पटत नाही. संदकफू ते फालुट २१ किलोमीटरची वाट म्हणजे या ट्रेकचा आत्मा आहे. पूर्ण दिवस माथ्यावरून चालायचं, दोन्ही बाजूंना उघडी कुरणं, जळून पांढरे पडलेले जुने वृक्ष, आणि कांचनजंगा समोर दिवसभर वाढत जातो. वाटेत साबरग्रामला थांबून गरम काहीतरी खाता येतं पण तुमच्याकडे डबा असूच द्या, मॅगी नाहीतर वाय-वायवर एकवीस किलोमीटर निघत नाहीत. दिवस लांब वाटला तर मोलेचा मुक्काम करता येतो. फालुटला गाव नाही, वारा मात्र भरपूर, तिथे राहायचं तर कानटोपी, हातमोजे आणि अपेक्षा कमी, हे तीन घेऊन जा. इथे बंगाल, सिक्कीम आणि नेपाळ एकत्र येतात.

फालुटहून गोरखेला १५ किलोमीटरचा उतार, गुडघ्यांचा पुरेपूर हिशोब होतो, काठी हवीच. पण खाली जंगलातून एकदम गोरखे दिसतं, ओढ्याकाठी, देवदारासारख्या उंच झाडांमध्ये रंगवलेली लाकडी घरं, आणि ओढ्यापलीकडे सिक्कीम. इथला होमस्टे म्हणजे तुमलिंगच्या तोडीस तोड. जेवणात परसातली ताजी भाजी, घरचं लोणी, आणि आजीबाई आमच्या ताटात स्वतः वाढायला आल्या, भाषा एक शब्द कळत नव्हती पण अजून घे, अजून घे एवढं कळत होतं. गोरखेला एक दिवस जास्त ठेवा, शेजारचं समानदेन बघा, दुपारी ओढ्यावर बसा. पुढे रम्माम करून श्रीखोलाला उतरलं की गाडी मिळते.

खर्चाचं म्हणाल तर आम्हाला राहणं आणि नाश्ता-जेवण मिळून माणशी साधारण दीड हजाराच्या आसपास रोज पडलं, सीझन आणि लॉजप्रमाणे कमी-जास्त होतं. पॅकेजवाल्या कंपनीकडे जायची गरज मला वाटत नाही, गाइड दाजू आदल्या दिवशी फोन करून पुढच्या गावातली खोली पक्की करतो. पोचल्यावर लगेच रात्रीच्या जेवणाची ऑर्डर सांगा, चुलीवर सगळं ताजं होतं त्याला वेळ लागतो. नोव्हेंबरात पाचच्या आत अंधार पडतो हे महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, सो सकाळी सातला निघा. आकाश स्वच्छ हवं तर ऑक्टोबर-नोव्हेंबर, फुलं हवीत तर एप्रिल. पार्क १६ जून ते १५ सप्टेंबर बंद असतो. आणि मानेभंज्यांगवरून संदकफूपर्यंत थेट गाडीने येऊन ३६३६ मीटरवर झोपू नका, विशेषतः आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांनी, एवढ्या झटक्यात चढून डोकं दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या तर वर डॉक्टर नाही, खाली उतरणं हाच उपाय. त्यापेक्षा त्यांना तुमलिंगला दोन रात्री ठेवा, कांचनजंगा तिथूनही दिसतो.

माझ्याकडून तुमलिंग, कालीपोखरी, गोरखे पाचपैकी पाच, संदकफूचं राहणं अडीच, आणि त्या फालुटच्या वाटेला मार्क द्यायला मी कोण. कॅश मात्र सिलिगुडी नाहीतर दार्जिलिंगलाच काढून घ्या, वर नेटवर्क येतं-जातं आणि यूपीआयच्या भरवशावर राहिलात तर लॉजवाल्या दिदीला ताटकळत उभं राहावं लागतं.