वडिलांच्या सतरा वह्या आणि रविवार कारंज्याजवळचं स्कॅनिंगचं दुकान

माझे वडील पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. पोरं कोकणा आदिवासींची कोकणी बोलायची, म्हणून आधी तेच ती शिकले, मग शब्द टिपू लागले. कणसरीच्या, म्हणजे धान्यदेवतेच्या कथा, डोंगऱ्या देवाची गाणी, थाळीवर मेणात काडी रोवून ती बोटांनी ओढत सूर कसा काढतात, सगळं जुन्या हजेरीपटांच्या मागे, पेन्सिलीनं. शेवटच्या वहीत खापरांची चित्रं आहेत, तांबड्यावर काळी नक्षी. १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि देव यांनी नाशिक आणि जोर्वे इथं खोदकाम केलं, तिथल्या भांड्यांसारखी.

आधी एका दुकानात गेले होते. त्यांनी वही उसवून पानं सरळ यंत्रात सोडली. नागलीच्या पेरणीचं गाणं मधोमध फाटलं. मी तिथेच रडले.

नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या या दुकानातल्या काकांनी एकही टाका उसवला नाही. प्रत्येक पान काचेवर ठेवून, पुसट पेन्सिल उठावी म्हणून सहाशे डीपीआयवर (इंचाला सहाशे ठिपके), रंगीत स्कॅन केलं. फाटलेलं पान पातळ जपानी कागद आणि खळीनं जोडलं. चिकटपट्टी पिवळी पडते आणि अक्षरंही उपटते, हे त्यांनीच सांगितलं. एका पानावर बाबांच्या अंगठ्याचा शाईचा ठसा होता. ‘हा पुसायचा नाही ना?’ असं त्यांनी फोन करून विचारलं.

चार दिवस म्हणाले, नऊ लागले. पानाला पाच रुपये, दुरुस्तीचे वेगळे. गाडी लावायला जागा नाही, रिक्षानं जा. पेनड्राइव्ह दोन न्या, एक प्रत शाळेला द्यायला.