टूसॉनचे वाळवंट पाहण्याआधी डेझर्ट म्युझियम

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात आलेले बहुतेक पर्यटक थेट सग्वारो नॅशनल पार्क गाठतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की, त्याआधी ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियमला अर्धा दिवस द्यावा. १९५२ साली सुरू झालेली ही संस्था नावाने संग्रहालय असली, तरी तिचा बहुतेक भाग उघड्यावर असून प्राणी, वनस्पती आणि खडक यांची ओळख तिथे एकत्रच होते.

मला सर्वांत मोलाची वाटली ती सग्वारो या उंच निवडुंगाची माहिती. त्याचे रोप पालो व्हर्डेसारख्या झाडाच्या सावलीत तग धरते, पहिली फांदी फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षे लागू शकतात, आणि पाऊस पडला की खोडाच्या चुण्या फुगून त्यात पाणी साठते. गिला सुतारपक्ष्याने या खोडात कोरलेल्या ढोलीत पुढे चिमुकले एल्फ घुबड राहायला येते. हे समजून घेऊन पार्कमध्ये गेल्यावर एरवी एकसारखी दिसणारी झाडे वेगवेगळी दिसू लागतात, प्रत्येकाचे वय आणि प्रत्येकावरची वस्ती नजरेत भरते. हिवाळ्यात येणाऱ्यांनी हॅरिस ससाण्यांच्या मुक्त उड्डाणाचा कार्यक्रम चुकवू नये. कळपाने शिकार करणारे हे पक्षी अगदी डोक्यावरून झेपावतात. म्युझियममध्ये सावली मात्र कमी आहे, त्यामुळे दार उघडताच आत शिरणे उत्तम.

पार्कचे दोन भाग शहराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला आहेत. पश्चिमेकडचा भाग म्युझियमजवळ असल्याने त्याच दिवशी होतो, आणि तिथल्या सिग्नल हिलवरील होहोकाम लोकांची प्राचीन शिलाचित्रे थोड्याशा चढणीनंतर दिसतात. पूर्वेकडे आठ मैलांचा वळणदार रस्ता आहे. तो सायकलस्वारांना विशेष आवडेल.

एक दिवस हाताशी असेल तर माउंट लेमनचा घाट चढावा. ९,१५७ फूट उंचीच्या या पर्वताच्या पायथ्याशी निवडुंग आणि माथ्याकडे पाइनचे जंगल, असा संपूर्ण बदल एकाच रस्त्यावर अनुभवता येतो. हवाही बरीच गार होते, म्हणून उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर जवळ असावा. सबिनो कॅन्यनमध्ये विजेवर चालणारी शटल असल्याने ज्येष्ठांनाही दरी आरामात पाहता येते.

या सगळ्यासाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. जूनमध्ये पारा अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, तेव्हा दुपारची पायपीट धोक्याची ठरते. जुलै-ऑगस्टमधील वादळी पावसात कोरडे ओढे अचानक दुथडी भरून वाहतात. अशा वेळी रस्त्यावर पाणी दिसल्यास गाडी त्यात घालू नये.